दापोडीच्या पुलापलीकडे

जून १८५८. मृग लागलाय आणि तुम्ही पिंपरी वाघेरे गावच्या शिवारात एका बांधावर उभे आहात. चपला चिखलात रुतल्यात. शेजारच्या वावरात पाभर धरलेला माणूस एकदम थांबतो, बैलांना चुचकारतो आणि घोरावडेश्वराच्या डोंगराकडे बघत राहतो. तिकडून धुराची रेघ सरकत येतेय. बाभळीवरची पाखरं उठतात, पायाखालची जमीन थरथरते आणि इंजिन, त्यामागे डबे, असा सगळा लवाजमा डोळ्यांसमोरून पुण्याकडे निघून जातो.

खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग याच महिन्यात, १४ तारखेला खुला झालाय. भोर घाटातलं काम अजून चालू आहे, ते १८६३ मध्ये पुरं होईल. तोवर मुंबईचा प्रवासी घाटाच्या पायथ्याशी उतरतो, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढतो आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसतो. पाभरीवाल्याला याच्याशी काही देणंघेणं नाही. गाडी कुठून निघाली आणि कुठे पोहोचणार, हे दुसऱ्यांचं काम. ती त्याच्या शिवारातून जाते, थांबत नाही, एवढं त्याला दिसतं.

त्याला विचारा, पिंपरी-चिंचवड कुठे आहे? तो गोंधळेल. पिंपरी ही इथली. चिंचवड पलीकडे, नदीकाठी. आकुर्डी आणि निगडी तळेगावच्या वाटेला, भोसरी आळंदीच्या अंगाला, थेरगाव, रहाटणी, वाकड, सांगवी नदीच्या त्या बाजूला. मध्ये ज्वारी-बाजरीची रानं, ओढे, चिंचेची झाडं आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या. प्रत्येक गावाची वेस वेगळी, पाटील वेगळा, जत्रेची तिथी वेगळी. या सगळ्यांना मिळून एक नाव लागेल, असं कुणी सांगितलं तर हा माणूस तुमच्याकडे काळजीने बघेल आणि सावलीला बसून पाणी प्या म्हणेल.

अंधार पडायच्या आत चिंचवड गाठा. पवनेच्या काठावर मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे. घाटाच्या पायऱ्या ओल्या आहेत, नदीचं पाणी पहिल्या पावसाने गढूळ झालंय, पण ओंजळीत घेतलं तर वास येत नाही. हे लक्षात ठेवा. गाभाऱ्यात समईच्या उजेडात कुणीतरी पदं म्हणतंय. मोरगावच्या मयूरेश्वराची वारी करणाऱ्या या सत्पुरुषामुळे चिंचवडला क्षेत्राचा मान मिळाला. त्यांच्या वंशजांना, म्हणजे चिंचवडच्या देवांना, मुघलांनीही इनामं दिली आणि मराठ्यांनीही. माघात आणि भाद्रपदात इथून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला निघते. गणपतीपुढे ‘मोरया’ म्हणून आवाज देणारं महाराष्ट्रातलं प्रत्येक पोर, लोकांची श्रद्धा अशी की, नकळत या घाटावरच्या माणसाचं नाव घेतं.

पुण्याची सावली पडण्याच्या पुष्कळ आधीपासून या गावाला स्वतःचा उजेड होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे शंभर-दीडशे वर्षं लोक ते विसरणार आहेत.

चाळीस वर्षं पुढे या, पण त्याच गावात थांबा. १८९७ चा जून. पुण्यात प्लेग आहे. गोरे सोजीर घरांत शिरून तपासण्या करतात, देवघरापर्यंत जातात, सामान रस्त्यावर काढतात, अशा बातम्या गाडीने रोज चिंचवडला येतात. गल्लीत लोक दबक्या आवाजात बोलतात. कीर्तनकार हरी चापेकरांची मुलं पुण्याला असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. २२ जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी संपवून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली जाते. आयर्स्ट नावाचा दुसरा अधिकारीही मरतो. १८ एप्रिल १८९८ ला येरवड्याला दामोदर चापेकर फासावर जातात. मे १८९९ मध्ये आधी वासुदेव, मग त्यांचे मित्र महादेव रानडे, मग बाळकृष्ण. एका घरातले तीन भाऊ, तेरा महिन्यांत.

चिंचवडमधल्या चापेकर वाड्याच्या गल्लीत उभे राहिलात तर मला तुमच्याशी काही बोलायचं नाही. थोडा वेळ नुसते उभे राहा.

आता मोठी उडी. १९४७ नंतरची ही दोन-तीन वर्षं. पिंपरी स्टेशनात गाडी थांबते आणि त्यातून उतरणारी माणसं कुठल्याही आजूबाजूच्या गावची नाहीत. बायकांच्या अंगात सलवार-कमीज, पुरुषांच्या हातात पत्र्याच्या पेट्या, तोंडात सिंधी. कराची, सक्कर, हैदराबाद – सिंधमधलं हैदराबाद. घर, दुकान, शेत, सगळं सीमेपलीकडे राहिलंय. त्यांना इथे छावणीत जागा मिळते आणि या वस्तीला पुढे कायमचं पिंपरी कॅम्प म्हणतात. गावातली म्हातारी माणसं लांबून बघतात. एखादा जवळ जाऊन विचारतो, “गाव कोणतं तुमचं?” समोरच्याला मराठी कळत नाही, पण प्रश्न कळतो. तो हाताने पश्चिमेकडे दाखवतो.

मुद्दाम तिथेच दहा-बारा वर्षं फिरत राहा. गोणपाटावर मांडलेल्या कापडाच्या तुकड्यांचं हातगाडीवरचं दुकान होतं, हातगाडीचा गाळा होतो, गाळ्याचं दुमजली दुकान होतं. पुढे या शहरातल्या कितीतरी लग्नांचे बस्ते इथेच बांधले जातील. सगळं गमावून आलेल्यांनी शहराला त्याची पहिली बाजारपेठ दिली. या गोष्टीचा हवा तितका गौरव मराठीत झालेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९५५. त्याच पिंपरीत रेल्वेच्या जवळ एक नवं आवार उभं राहिलंय. आत या, पण हात धुऊन. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. कामगार तिला ‘एचए’ म्हणतात आणि पुढच्या तीन पिढ्याही तसंच म्हणतील. सरकारी मालकीचा देशातला हा पहिला औषध कारखाना. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने जाणकार माणसं. तुमच्यासमोर पोलादाच्या उंच टाक्या आहेत. आत साखरेच्या आणि मक्याच्या आंबोणात एक बुरशी वाढतेय. तिला हवा लागते, पण ती हवासुद्धा जंतुविरहित करून सोडावी लागते. एक परका जंतू शिरला की अख्खी टाकी फुकट. पांढऱ्या कपड्यातला माणूस दर काही वेळाने नमुना काढतो, तापमान लिहितो. आंबूस, किंचित मातकट वास भरून राहिलाय. शेवटी त्या सगळ्या काल्यातून गाळून, विद्रावकातून काढून, सुकवून जे उरतं ते पांढरं चूर्ण इवल्या काचेच्या कुप्यांत भरतात. पेनिसिलीन.

कुपी हातात घ्या. बाळंतपणात ताप भरून गेलेली तुमच्या घराण्यातली एखादी आजी किंवा पणजी आठवा. मग या आवाराची किंमत कळेल. पुढे याच एचएच्या प्रयोगशाळेत हॅमायसिन नावाचं बुरशीनाशक औषधही सापडलं. ज्या शिवारात शंभर वर्षांपूर्वी गाडी न थांबता निघून गेली, त्या शिवारातून आता देशभर औषध जायला लागलं.

इथून पुढे सगळं भराभर घडतं. १९६२ मध्ये राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन होतं आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळांवर खुंट्या ठोकल्या जातात. आकुर्डीला बजाज. चिंचवडला एसकेएफ, दापोडीला सँडविक, कासारवाडीला फोर्ब्ज मार्शल, पिंपरीला केएसबी, गरवारे. टाटांच्या टेल्कोचं आवार पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या मधोमध. तिथे कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी उघड्या माळावर इतकी झाडं लावली आणि असं तळं केलं, की पुढे कारखान्याच्या भिंतीआड पाणपक्षी उतरायला लागले. माणूस यंत्रांचा होता, पण माळ हिरवा झाल्याशिवाय त्याचं समाधान झालं नाही.

४ मार्च १९७० ला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून एक नगरपालिका होते. अण्णासाहेब मगर पहिले नगराध्यक्ष. चार गावांच्या वेशी कागदावर पुसल्या गेल्या. प्रत्यक्षात पुसायला अजून अवकाश आहे.

आणि आता, १९७३ च्या उन्हाळ्यात, तुम्हाला मी नुसतं बघत उभं राहू देणार नाही. आता तुम्हाला शरीर आहे, वय आहे, भूक आहे. तुम्ही एकवीस वर्षांचे आहात आणि औशाजवळच्या एका खेड्यातले आहात. दोन वर्षं पाऊस नाही. विहिरीच्या तळाला भेगा. तुमच्या आईने आणि तुम्ही सरकारी कामावर खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे, अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या आहेत. बैलजोडी विकून झाली. थोरल्या चुलत्याचा मुलगा, तुमचा अण्णा, चिंचवडला कंपनीत लागलाय, त्याचं पोस्टकार्ड आलंय: निघून ये.

लातूरहून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी तुम्हाला डुलत डुलत कुर्डुवाडीला आणून सोडते. तिथे मोठ्या गाडीत शिरायला रेटारेटी. पुणे स्टेशनावर रात्र काढता. पहाटेच्या पॅसेंजरने दापोडीचा पूल ओलांडता तेव्हा खिडकीतून दिसणारी मुळा ही तुम्ही वर्षभरात पाहिलेली पहिली वाहती नदी. बघतच राहता. शेजारचा माणूस विचारतो, “गाव कोणतं?”

“औसा.”

“म्हंजे लातूरकडचा. उतर आता, चिंचवड येतंय.”

अण्णाची खोली दहा बाय दहाची. पत्रा. राहणारे सात जण आणि वळकट्या चार, कारण सगळे एकाच वेळी कधीच झोपत नाहीत. पहिल्या पाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच वळकटीत शिरतो. अंथरूण कधी गार पडत नाही. खोलीचा मालक इथलाच शेतकरी. त्याच्या गोठ्याच्या भिंतीला लागून त्याने अशा पाच खोल्या काढल्यात. त्याची ज्वारीची जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर आता भाडं पिकतं. संध्याकाळी तो ओट्यावर तंबाखू मळत बसतो आणि तुमच्याकडे अशा नजरेने बघतो, की तिच्यात राग किती आणि माया किती ते तुम्हाला समजत नाही. पहिल्या पावसात पत्रा गळायला लागतो तेव्हा मात्र तोच रात्री कंदील घेऊन वर चढतो.

गेटवर रोज सकाळी रांग. “आयटीआय झालंय का?” फिटर, टर्नर, वेल्डर असेल तर एका बाजूला. तुमचं काही झालेलं नाही, तुम्ही दुसऱ्या बाजूला. शेवटी एका छोट्या वर्कशॉपात हेल्पर म्हणून घेतात. संध्याकाळपर्यंत कानात घणाचे आवाज, नखांत ग्रीस, बुटांच्या तळाला लोखंडाचा चुरा. पगाराच्या दिवशी पाकीट हातात पडतं, त्यातले अर्धे पैसे मनिऑर्डरने गावाकडे. पोस्टाच्या खिडकीसमोर उभे राहिलात की पुढच्या-मागच्यांच्या फॉर्मवरची नावं वाचा: माण, खटाव, जत, सांगोला, आष्टी, पाथर्डी. दुष्काळाचा नकाशा पाहायचा असेल तर तो इथे, मनिऑर्डरच्या रांगेत आहे.

मग ‘ब्रेक’ काय असतो ते तुम्हाला कळतं. वर्षात २४० दिवस भरले तर कायद्याने कामगाराला हक्क येतात. म्हणून सातव्या महिन्यात साहेब हसून सांगतो, थोडे दिवस घरी जाऊन ये. पुन्हा गेट, पुन्हा रांग. ‘पर्मनंट’ झालेला माणूस वेगळाच चालतो, चहाच्या टपरीवर त्याचा आवाजही वेगळा लागतो. मुलगी दाखवताना पहिला प्रश्न हाच: पर्मनंट आहे का?

दुपारी पाळी सुटताना आकुर्डीच्या रस्त्यावर थांबा. भोंगा होतो. आधी एक-दोन, मग शंभर, मग डोकीच डोकी. डब्यांचा खणखणाट, सायकलींच्या घंट्या. १९७२ पासून इथून ‘चेतक’ स्कूटर बाहेर पडते आहे. देशात लोक ती नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघतात. ती जुळवणारा माणूस मात्र सायकलवर घरी जातो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आपण काय बनवतो याचा त्याला अभिमान आहे. कंपनीचे मालक राहुल बजाजही याच कारखान्याच्या वसाहतीत राहतात. पुढच्या वर्षी, १९७४ मध्ये, टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात एक इंजिनिअर मुलगी रुजू होईल. स्त्रियांनी अर्ज करू नये, अशी जाहिरात वाचून तिने थेट जेआरडी टाटांना पत्र लिहिलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती. एवढ्या हजारो पुरुषांच्या गर्दीत ती पहिल्या दिवशी कशी शिरली असेल, याचा विचार करून बघा.

या सगळ्या माणसांनी राहायचं कुठे? सरकारने १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण काढलं. शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, सेक्टर पाडले, रुंद रस्ते आखले. निगडी-आकुर्डीचं प्राधिकरण आजही झाडांनी भरलेलं आणि देखणं आहे, त्याचं श्रेय आखणाऱ्यांना द्यायलाच हवं. पण तुमच्यासारख्या हेल्परला त्या प्लॉटचा फॉर्म भरणंही झेपत नव्हतं. तुम्ही दहा वर्षं पैसे साठवले आणि एका शेतकऱ्याकडून गुंठा-दीड गुंठा घेतला. बिनशेती नाही, नकाशा नाही, स्टॅम्पपेपरवर सह्या. स्वतः विटा वाहिल्या, बायकोने पाणी मारलं. तुमच्यासारख्या हजारोंनी हेच केलं आणि शहराचा मोठा भाग असाच उभा राहिला. देहूरोडच्या दारूगोळा कोठारामुळे आखलेल्या रेड झोनमध्ये ज्यांचा गुंठा पडला, त्यांच्या घरावरची टांगती तलवार पुढच्या पिढीलाही वारशाने मिळाली. आणि ज्यांच्या जमिनीवर प्राधिकरण झालं, ते शेतकरी घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्याच्या फायली काखेत घेऊन म्हातारे झाले. कितीजण तसेच गेले.

१९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू होते. ११ ऑक्टोबर १९८२ ला नगरपालिकेची महानगरपालिका होते. या वर्षांवर मी जास्त रेंगाळत नाही. तुम्हीही रेंगाळलेले नसता, तुमची मुलं तेव्हा शाळेत आहेत आणि तुम्ही ओव्हरटाइम करताय.

एक दिवस मात्र सुट्टी काढा. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. मुंबई-पुणे रस्त्यावर एरवी ट्रक धावतात, त्या दिवशी टाळ-मृदंग. कंपनीच्या गेटसमोर खाकी कपड्यांतले कामगार वारकऱ्यांना केळी आणि चहा देतायत. तुमच्यासमोर एक म्हातारी थांबते, कपाळाचा बुक्का पुसट झालाय. “गाव कुठलं रं लेकरा?” तुम्ही औसा म्हणता आणि ती तुमच्या बोलण्यातली लय ओळखते. ती औशाच्या पलीकडच्या गावची निघते. तिच्या पिशवीतली मूठभर शेंगदाण्याची चटणी तुमच्या डब्यात येते. गाव सोडून इतकी वर्षं झाली तरी तुम्ही त्या रात्री जेवताना गप्प असता.

सप्टेंबर १९८९ मध्ये रस्ता उलट्या दिशेने वाहतो. टेल्कोचे हजारो कामगार दापोडीचा पूल ओलांडून पुण्यात जातात आणि शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसतात. शेवटी पोलीस त्यांना तिथून उचलतात. त्या आंदोलनाबद्दल आजही या शहरात दोन मतं ऐकू येतात आणि दोन्ही मतांची माणसं एकाच सोसायटीत राहतात. माझ्यापुरतं सांगायचं तर, पुण्याने या कामगारांचे चेहरे इतक्या जवळून त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते.

मग भोंगे एकेक करून कमी होतात. १९९७ मध्ये वाकड, रावेत, मोशी, चिखली, तळवडे, दिघी अशी आणखी गावं महापालिकेत येतात, २००९ मध्ये ताथवडे येतं. हिंजवडीत संगणकाचं नवं जग उभं राहतं आणि वाकडच्या उसाच्या शेतांत बारा-बारा मजले चढतात. पिंपरीच्या एचएला उतरती कळा लागते. ज्या आवाराने देशाला पेनिसिलीन दिलं, तिथल्या कामगारांना पगारासाठी महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. २००७ मध्ये आकुर्डीच्या बजाज कारखान्यातलं गाड्यांचं उत्पादन थांबतं. (पंधरा वर्षांनी त्याच आवारात विजेवर चालणारी चेतक तयार होऊ लागते, पण पाळी सुटतानाची ती डोकीच डोकी परत येत नाहीत.) चिंचवडमध्ये एल्प्रोच्या कारखान्याच्या जागेवर मॉल होतो. तुम्ही आता साठी ओलांडलीय. नातवाला घेऊन तिथे जाता, सरकत्या जिन्यावर त्याचा हात धरता.

आता मी तुम्हाला थोडं मागे आणि शहराबाहेर नेतो, कारण हे पाहिल्याशिवाय हा प्रवास पुरा होत नाही. ९ ऑगस्ट २०११. मावळात, बऊर गावाजवळ, द्रुतगती महामार्ग. पवना धरणाचं पाणी बंद नळाने थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध आहे. नदीतून वाहत जाणारं पाणी काठच्या शेतांना मिळतं. नळात शिरलं की ते शहराचं. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यातल्या अनेकांचं पुनर्वसनही झालेलं नाही. लोक रस्त्यावर उतरतात. पोलीस गोळीबार करतात. तीन शेतकरी मरतात, त्यांत एक बाई आहे.

तुमच्या घरी त्या संध्याकाळी नळाला पाणी आलेलं असतं.

योजनेचं काम थांबलं. रावेतच्या बंधाऱ्यावरून नदीतलं पाणी उचलून शहराला देणं चालू राहिलं आणि नोव्हेंबर २०१९ पासून ते दिवसाआड येऊ लागलं. बादल्या मोजताना आपण महापालिकेला बोलतो, ते बरोबरही आहे. पण त्या रस्त्यावर मेलेली माणसं औशाच्या खडीच्या कामावरून उठून आलेल्या तुमच्यासारखीच होती, हे आपल्या शहराने कधी मोठ्याने म्हटलं नाही. जमीन मावळ-हवेलीच्या शेतकऱ्याची, पाणी पवनेचं, हात दुष्काळी तालुक्यांतले: पिंपरी-चिंचवड या तीन गोष्टींनी बनलं. पुण्याचं उपनगर म्हणून त्याची ओळख करून देणं मला म्हणूनच पटत नाही. पुण्याच्या पोटातून ते निघालेलं नाही.

शेवटची उडी, तुमच्या आत्ताच्या काळात. मेट्रोत बसा. पिंपरी ते फुगेवाडी हा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला, १ ऑगस्ट २०२३ पासून ती मुळा ओलांडून पुण्यात जाते. उंचावरून बघताना चार गावांच्या वेशी शोधून काढायचा प्रयत्न करा. सापडणार नाहीत. खाली उतरलात तर मात्र चौकांची नावं सांगतील: केएसबी चौक, थरमॅक्स चौक, फिनोलेक्स चौक. जिथे कंपनी राहिली नाही तिथेही रिक्षावाला कंपनीच्या नावानेच विचारतो, कुठे सोडू? श्रावणात चिखलीकडे गेलात तर खानदेशी बायका कानबाईच्या मिरवणुकीत अहिराणी गाणी म्हणताना दिसतील. कॅम्पात चेटीचंडची मिरवणूक निघते. जिल्ह्याजिल्ह्यांची रहिवासी मंडळं हळदीकुंकू करतात. २०१६ चं साहित्य संमेलन इथे झालं, शंभरावं नाट्यसंमेलनही २०२४ मध्ये इथे झालं, आणि दोन्ही वेळी मांडवात घामाच्या कमाईतून पुस्तकं विकत घेणारी माणसं मोठ्या संख्येने होती.

आणि चिंचवडच्या घाटावर पुन्हा एकदा उतरा. पवनेच्या पाण्याला आता वास आहे. वरच्या बाजूला थेरगावच्या केजूदेवी बंधाऱ्यावर पांढरा फेस साचतो, पलीकडे इंद्रायणीत आळंदीपर्यंत तोच प्रकार. कारखान्यांचं रसायन आणि आपल्या सगळ्यांच्या घरांतलं सांडपाणी. ज्या नदीवर हे शहर जगतं, तिला ते असं परत करतं. इतक्या संपन्न महापालिकेला हे न शोभणारं आहे आणि याला तंत्रज्ञानाची अडचण नाही, हे इथल्या कुठल्याही फिटरला विचारा. प्रक्रियेचे प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्याच या शहरात आहेत.

२०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडमध्ये १७ लाख २७ हजार ६९२ माणसं मोजली गेली. पुढची जनगणना २०२७ मध्ये होते आहे. जनगणनेत जन्म कुठे झाला, आधी कुठे राहत होता, इथे किती वर्षं झाली आणि कशासाठी आलात, हेही विचारतात. घाईत आपण ‘इथलेच’ म्हणून मोकळे होतो. या वेळी तसं करू नका. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पुढे बसवा आणि त्याच्या तोंडून गावाचं नाव, तालुका, साल आणि कारण नीट लिहून घ्या.